सूचनेत नसलेलं घरनाव

गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी, क्रोएशियातल्या एका बेटाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळावर आमच्या शेजाऱ्यांच्या थोरल्या भावाची निधनसूचना आली. नाव जुळत होतं, वयही. फोटो नव्हता.

शेजारी मूळचे त्या बेटावरचे, इथं जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. गावाकडच्या निधनसूचना ते रोज नाश्त्याआधी वाचतात. मी पुण्यात वर्तमानपत्रात काम केलं आहे हे ठाऊक असल्यामुळे ते टॅब्लेट घेऊन आमच्या दारात आले. भाऊ फोन उचलत नव्हता. वडिलांच्या दगडी घरावरून दोघांत बारा वर्षं अबोला होता.

"वहिनीनं मुद्दाम दिली असेल," ते म्हणाले. "मी मातीला धावत जायचं आणि तिथंच घराच्या कागदांवर माझी सही घ्यायची."

सूचना कोणी दिली याचा उल्लेख नव्हता. मी जुन्या सूचना उघडल्या. प्रत्येकीत आडनावापुढे आणखी एक शब्द होता. ते घरनाव, एकाच आडनावाच्या वेगवेगळ्या घरांना गावानं दिलेलं नाव, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. बेटावर आडनावं मोजकी आणि नातवाला आजोबांचं नाव देतात, त्यामुळे एका नावाचे दोघे-तिघे असतातच. व्हेनिस, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया अशी राज्यं आली-गेली. गाव माणसाला घरनावानंच ओळखत राहिलं. पूर्वी सूचना बंदरावरच्या फळ्यावर डकवत, मग साप्ताहिकात छापत. या सूचनेत घरनाव नव्हतं.

याच नावाचा दुसरा कोणी आहे का, मी विचारलं.

"चुलतभाऊ. तो आणि भाऊ एकाच वर्षीचे," ते म्हणाले. "तोही माझ्याशी बोलत नाही."

त्यांनी संकेतस्थळाच्या संपादकबाईंना फोन लावला. सूचना देण्याच्या नव्या अर्जात घरनावाचा रकानाच राहून गेला होता. कुटुंबाला विचारून बाईंनी अकरा वाजता उलट फोन केला: गेला तो चुलतभाऊ. शेजाऱ्यांना ते पटलं नाही. बाई शाळेत वहिनीच्या वर्गात होत्या, असं त्यांनी मला ऐकवलं. दुसऱ्या कोणाकडून खात्री होईपर्यंत थांबा, असं मीही म्हटलं.

दोन वाजता भावाचाच फोन आला. सकाळपासून तो चुलतभावाच्या घरी होता, मोबाइल स्वतःच्या घरी. त्यानं एकच विचारलं, ते शेजाऱ्यांनी नंतर मला जर्मनमध्ये सांगितलं: "मातीला येतोस, की घरासाठी?"

दुरुस्त सूचना साडेतीनला लागली. माती शुक्रवारी होती. गुरुवारी सकाळी शेजारी क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराच्या बसमध्ये बसले.