नर्सबाईंचं मागचं चाक

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त ह्यांना स्वतःला मान्य नव्हतं. गिऱ्हाईक काहीही म्हणालं की हे "हो, हो" करत मान डोलवायचे आणि ब्रेकचं काम सांगितलं असेल तर चेन काढून बसायचे. कानाच्या डॉक्टरचा विषय काढला की पालथ्या घड्यावर पाणी. "तूच हल्ली पुटपुटतेस," म्हणे! मी आणि पुटपुटणार? माझा आवाज पार कोपऱ्यापर्यंत जातो.

सायकल दुरुस्तीचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मधल्या दाराच्या अलीकडे माझं स्वयंपाकघर. आमच्या मुलाने मला फोनवर निक्षून सांगितलं होतं, "आई, ज्याला ऐकू येत नाही त्याने हवेशी खेळू नये. एखाद दिवशी टायर तोंडावर फुटेल. जागा भाड्याने देऊन टाकू. रविवारी एक माणूस बघायला येतोय."

मी ह्यांना ते सांगितलं आणि हे पेटले. "माझ्या हातांना काय झालंय? दुकान बंद करायचं म्हणे! आता तर ट्यूबलेस टायरसुद्धा बसवून दाखवतो."

आणि फोनवर व्हिडिओ बघून शिकलेसुद्धा. ह्या प्रकारात आत ट्यूबच नसते. टायरच रिमला घट्ट धरून बसतं, आणि आत दुधासारखं पांढरं द्रावण ओततात, ते बारीकसारीक भोकं बुजवतं. पहिलं काम मिळालं ते सकाळच्या पाळीला सायकलने जाणाऱ्या नर्सबाईंच्या मागच्या चाकाचं. चाक झोकात गेलं आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडून परत आलं.

ह्यांनी साबणाचा फेस लावून बघितला, व्हॉल्व्ह बदलला, रिमवरची चिकटपट्टी नवी लावली, द्रावण आणखी ओतलं. चाक संध्याकाळपर्यंत टणक राहायचं आणि सकाळी पुन्हा मान टाकायचं. शेवटी नर्सबाई अगदी समोर येऊन म्हणाल्या, "काका, रागावू नका. रोज उशीर होतो, मला बोलणी बसतात. उद्या हवा गेली तर मी दुसऱ्या दुकानात नेते."

त्या गेल्यावर ह्यांनी चाक काढलं आणि व्हिडिओ पुन्हा लावला. मी आत भांडी घासत होते. त्यातला माणूस सांगत होता, "टायरच्या दोन्ही कडा रिममध्ये बसायला हव्यात. प्रत्येक कड बसताना मोठा आवाज होतो. एकच आवाज आला, तर दुसरी कड बसलेली नाही."

ह्यांनी हवेचं मशीन सुरू केलं. फाट्! मग नुसती घरघर. मी ओले हात तसेच धरून उभी राहिले. दुसरा आवाज आलाच नाही. हे मात्र समाधानाने नळी काढत होते.

"अहो, एकच आवाज झाला!" मी जवळ जाऊन ओरडले.

"तुला काय कळतं हवेतलं?"

"मला नाही कळत. पण तो व्हिडिओतला माणूस म्हणाला ना, दोन व्हायला हवेत म्हणून!"

ह्यांनी फोनकडे बघितलं. त्यात नुसते काम करणारे हात दिसत होते. "तो बोलतो?" ह्यांनी विचारलं. "मला वाटलं, नुसतं करून दाखवतोय."

इतकी वर्षं हे भांडण जिंकायची वाट बघत होते मी. जिंकले, आणि रडूच फुटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हवा सोडली, टायर उतरवलं. व्हॉल्व्हजवळ कडेखाली वाळलेल्या द्रावणाची गुठळी होती, ती नखाने खरवडली. कडेला साबणाचं पाणी फासलं. "तू समोर उभी राहा. पहिला आवाज झाला की एक बोट वर कर. दुसरा झाला की दोन."

एक बोट झालं आणि तिथेच अडलं. हवा सोडली, पुन्हा पाणी फासलं, पुन्हा भरली. पुन्हा एकच. "राहू द्या आता," मी म्हटलं. तेवढंही ऐकलं नाही. गुडघे टेकून, मशीनच्या काट्यावर नजर ठेवून ह्यांनी पुन्हा हवा सोडायची आणि भरायची. मग एकदाचं फाट् झालं, आणि जरा वेळाने बसका असा दुसरा फट्! मी दोन बोटं वर केली.

त्यावरही विश्वास नाही. टायरच्या कडेलगत एक बारीक रेघ असते, तिच्यावरून अंगठा फिरवत चाक गोल फिरवून बघितलं. रेघ रिमपासून सगळीकडे सारखीच दूर होती. "ही सारखी लागली म्हणजे कड बसली," हे म्हणाले. "पुढच्या वेळी तुझी बोटंही नकोत." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

सकाळी नर्सबाईंनी चाक दाबून बघितलं. टणक. त्या हसल्या आणि टांग टाकून निघाल्यासुद्धा.

ह्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे फोन मागितला. किती दिवसांत हे फोनवर बोलले नव्हते. वाजला की माझ्याकडे सरकवायचे. मी मुलाचा नंबर लावून दिला.

"मी बोलतोय, तू फक्त ऐक," हे म्हणाले. "मला ऐकू येत नाही. अगदी खरं आहे. पण त्या रविवारच्या माणसाला सांग, जागा रिकामी नाही."

पलीकडून मुलगा काहीतरी बोलत होता. ह्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि पुढची सायकल उलटी केली.