चिंचेने घासलेले चार रॉड

आमच्या जीपच्या इंजिनाचे चार कनेक्टिंग रॉड मी चिंच आणि राख लावून घासले. वर उन्हात वाळतही घातले. हे सांगितलं की नातवंडं हसून लोळतात. लोळू देत. पंधरा वर्षांपूर्वीची ती बाई, म्हणजे मीच, होतीच तेवढी शहाणी.

गणपती आठ दिवसांवर आले होते. पोलादपूरच्या स्टँडवरून वरच्या वाड्यांना जाणाऱ्या जीपगाड्यांत आमचा नंबर तिसरा. मुंबईकर उतरायच्या दिवशी जी गाडी लाईनीत नसेल तिचा नंबर दुसऱ्याला. मग तो परत मिळत नाही. आणि आमची गाडी पडवीसमोर पोट उघडं टाकून पडलेली. इंजिनातलं बेअरिंग गेलं होतं.

मेकॅनिकने इंजिन खोललं आणि गोणपाटावर रॉड ओळीने मांडले. लांब दांडा, त्याच्या टोकाला अर्धा गोल. उरलेला अर्धा गोल वेगळा, बोल्टने बसणारा. त्याला तो टोपी म्हणायचा. रॉडवर आणि त्याच्या टोपीवर खडूने एकच आकडा लिहिला. "उद्या महाडला मशीनवर नेऊ," म्हणाला आणि जेवायला गेला.

मी त्या दिवशी गणपतीची पितळी भांडी काढली होती. हात चालूच होता, शेजारी हे काळंकुट्ट लोखंड. घासलं! तेल गेलं, खडूही गेला. एका रॉडवरचा निळा-काळा डाग मात्र जाईना, म्हणून त्याला दोनदा चिंच चोळली. मग रॉड एका टोपलीत, टोप्या दुसऱ्या टोपलीत. डबे इकडे, झाकणं तिकडे, तसं. स्वतःवर काय खूश होते मी!

मेकॅनिक आला तो मटकन खालीच बसला. "वैनी, आता कुठली टोपी कुठल्या रॉडची? जोडीनं कापलेली असतात ती. अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाय. एकच रॉड गेलेला, आता चारी मशीनवर!"

नवऱ्याला तेवढंच हवं होतं. "बाईमाणसानं इंजिनाला हात लावला, अजून काय व्हायचं! नंबर गेला तर हिच्यामुळं." हे वाडीत सांगून झालं, स्टँडवर सांगून झालं, दुसऱ्या दिवशी महाडच्या एसटीत कंडक्टरलासुद्धा. मी शेजारी मांडीवर रॉडांची पिशवी घेऊन मान खाली घालून बसलेली.

त्या खाली घातलेल्या मानेचा मला अजून संताप येतो. चिंचेचं हसू येतं, मानेचं नाही. बंद पडायच्या आधी आठवडाभर ते इंजिन टक टक करत होतं. चढावर मी तीनदा म्हटलं, "अहो, काहीतरी वाजतंय." यांनी टेप मोठा केला. समोर इंजिनाचं तेल कमी पडल्याचा लाल दिवा पेटला, तर डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर देवीचं स्टिकर चिकटवलं. हे सगळं मी पाहिलेलं. तरी एसटीत तोंडातून शब्द नाही! त्या बाईला आज भेटले तर त्याच पिशवीने हाणीन.

महाडचा मशीनवाला म्हातारा होता. त्याने प्रत्येक भोकात माप घातलं. टोप्यांची तोंडं जराशी घासायची, बोल्ट आवळायचे आणि भोक नव्याने गोल कापायचं, असं त्याने समजावलं. नवरा पुन्हा सुरू झाला, "आमच्या हिनं काय केलं म्हायतीय का..."

म्हाताऱ्याने तो डागाचा रॉड उचलला, दाराच्या उजेडात नेला आणि यांना सोडून मला जवळ बोलावलं.

"बाय, तीन रॉड परवा देतो, गाडीचा नंबर जात नाय. हा चौथा जळलाय, ह्याच्या जागी दुसरा घालू. पन लोखंड असं निळं चिंचेनं होत नाय, तेलाबिगर तापून व्हतं. हा आठ दिवस बोंबलत व्हता. तवा गाडी कोन चालवत व्हतं, ते ह्यांना विचार. माझ्यासमोर विचार."