माका धूर कळता

प्राचीचा फोन आला तेव्हा वांगं निखाऱ्यात होतं. डिलाईल रोडवर आमच्या बिल्डिंगच्या गेटाला लागून रामसजनचं इस्त्रीचं टेबल आहे, त्याच्या शेजारी कोळशाची शेगडी. तिच्यापुढे मी उकिडवा बसलो होतो. "बाबा, या," एवढंच प्राची म्हणाली. हॉस्पिटलमधून मुलगी "लवकर या" म्हणते तेव्हा अजून काहीतरी शिल्लक असतं. नुसतं "या" म्हणते तेव्हा… मला कळलं. आणि कळूनसुद्धा मी चिमट्याने वांगं उलटलं, कारण एक बाजू भाजायची राहिली होती. रामसजनने माझ्या हातातून चिमटा काढून घेतला. म्हणाला, "साब, आप जाओ. ये मैं देखता." मी त्याला बजावलं, जास्त करपवू नकोस, मी आलोच. आणि टॅक्सीत बसलो. त्या वांग्याचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

विजू जाऊन महिना उलटून गेला. विजया, माझी बायको. शेवटचे काही आठवडे तिच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता आणि तरी मी रोज वांगं भाजत होतो. बिल्डिंगमध्ये लोक म्हणाले, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला असेल. पण मी काय करत होतो ते नीट सांगितलेलं बरं, म्हणून लिहितो आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील साताऱ्याकडून येऊन गिरणीत लागलेले, मी बी.कॉम. होऊन विमा कंपनीत. हे मी अजून कुणी न विचारता सांगतो, आणि विजू अजून असती तर आत्ता म्हणाली असती, "सांगितलंस? झालं समाधान?" ती मालवणची, समोरच्या चाळीतली, पोस्टात काउंटरवर बसायची. लग्न आम्ही आमचं जमवलं. चारचौघांत ती मला 'अहो' म्हणायची, दार लावलं की 'अरे', आणि वाद सुरू झाला की 'घाटी'. वाद बहुतेक भरतावरून. आमच्याकडे भरतात शेंगदाण्याचा कूट आणि वर लसणीची फोडणी. त्यांच्याकडे ओलं खोबरं, कच्चा कांदा आणि वरून खोबरेल. माझ्या आईच्या हातचं भरीत तिने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा शहाण्या मुलीसारखी गप्प बसली. जिना उतरल्यावर हळूच विचारते, "भरीत होता की शेंगदाण्याची आमटी?" मी म्हटलं, निदान डोक्याला लावायचं तेल तरी नव्हतं त्यात. हे भांडण आमच्या संसारात कधी मिटलं नाही. मिटवायची दोघांनाही घाई नव्हती. चाळ पडली, टॉवर झाला, प्राची मोठी होऊन नोकरीला लागली, तरी रविवारी भरीत कुणाच्या पद्धतीचं यावरून शनिवारी संध्याकाळी बोलाचाली व्हायचीच.

मग तिच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. ना तंबाखू, ना सुपारी, काही नाही. रेडिएशन सुरू झालं. हॉस्पिटलच्या बाकांवर सगळे त्याला 'लाईट' म्हणतात. "तुमची किती लाईट झाली?" असं एकमेकांना विचारतात, जणू बिलच भरायचं आहे. लाईटने आधी गोड गेलं, मग आंबट, मग मीठ. "पुठ्ठा खातेय असं वाटतं," विजू म्हणाली. माशाची कढी पुढे ठेवली तर तिने वास घेतला, वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. मालवणी बाईने कढीकडे पाठ फिरवली, हे बघून मी पहिल्यांदा घाबरलो. डॉक्टर चांगले होते, स्पष्ट बोलायचे. चव पुढे परत येईल, नाही असं नाही, पण तोपर्यंत वजन टिकायला हवं, म्हणाले. तोंडाने खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल. पोटातून घालायची तर तिची ताकद नाही, तेव्हा नाकातून. विजूने तिथल्या तिथे माझं मनगट धरलं. तिथल्या वॉर्डात एका बाईला नळी लावलेली तिने पाहिली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "नळी नको हां. काय पण कर. नळी नको." मी म्हटलं, नाही घालू देणार. असं छातीठोक सांगणारा मी कोण, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

त्यानंतर घरात एकच काम उरलं, तिला खायला घालणं. पेज, नाचणीचं सत्त्व, शिरा, मऊ भात, मिक्सरमधून काढलेलं वरण… सगळं पुठ्ठा. चमचा तोंडाशी नेला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका दुपारी ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, दार उघडं होतं. शेजारच्या गावकरवहिनींनी गॅसवर वांगं ठेवलं असावं. विजूने मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कोण वांगा भाजता?" आजारपणात ती पुन्हा पुरती मालवणीवर आली होती. मी म्हटलं, तुला कळलं? तर म्हणते, "कळला तर. माका धूर कळता रे."

जीभ गेली होती, नाक राहिलं होतं. मी तसाच चपला घालून खाली मार्केटमध्ये पळालो.

चहाच्या पुढे मला काही येत नव्हतं. विजू खुर्चीवरून सांगायची, मी करायचो. वांगं वजनाला हलकं बघून घे. सुरीने टोच, तेलाचा हात लाव. देठाशी दाब, तिथे मऊ झालं की झालं. पहिलं भरीत मी समोर ठेवलं तर म्हणाली, हा गॅसचा वास, धूर नव्हे. मग कोळसा आणला, बाल्कनीत जुन्या घमेल्यात पेटवला. धूर बाहेर जायचा सोडून घरात शिरला, घरातून लॉबीत गेला आणि मजल्यावरचा अलार्म बोंबलायला लागला. सेक्रेटरी वर आला, वॉचमन आला. चाळीत आम्ही लहानपणी एकत्र गोट्या खेळलो होतो, तो सेक्रेटरी मला 'सोसायटीचे नियम' सांगायला लागला. मी हातात करपलेलं वांगं घेऊन ऐकत होतो. आत विजू हसत होती. आवाज फुटत नव्हता, पण खांदे हलत होते. ते हसणं बघायला मी रोज अलार्म वाजवला असता.

मला कुणाकडे काही मागायची सवय नाही. त्या दिवशी खाली उतरलो आणि रामसजनला म्हटलं, तुझ्या शेगडीत एक वांगं भाजू दे. त्याने इस्त्री बाजूला ठेवली, कशासाठी ते ऐकून घेतलं, आणि शेगडी माझ्या बाजूला सरकवली. पुढे ते रोजचंच झालं. बिल्डिंगीत चेष्टा सुरू झाली की हल्ली सगळ्यांच्या शर्टाला भरताचा वास येतो. सेक्रेटरी रामसजनला म्हणाला, "अरे, मीटिंगला जायचंय, माझ्या शर्टाला फोडणी पण देऊन ठेव." पण तक्रार कुणी केली नाही.

त्या भरतात तिखट चालत नव्हतं, कच्चा कांदा चालत नव्हता, कूट तर घशाखाली उतरेचना. मग वांग्याचा गर हाताने मऊ करायचा, नारळाचं घट्ट दूध घालायचं, थोडं मीठ. वर एका वाटीत निखारा ठेवून खोबरेलाचा थेंब सोडायचा आणि झाकायचं. बाळंतिणीला देतात तशी धुरी. पहिल्या दिवशी तिने झाकण काढून वाटीवर तोंड धरलं, डोळे मिटले, आणि सगळं खाल्लं. बोट फिरवून खाल्लं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शेवटी खोबराच घातलंस. हरलास, घाटी."

मी हरलो. किती आनंदाने हरलो, कुणाला सांगू.

काही आठवडे त्या वाटीवर निघाले. आमचं सगळं घर त्या वाटीच्या काठावर उभं होतं. वाटी रिकामी झाली की प्राचीला ऑफिसात मेसेज करायचो, 'संपवली'. मग वाटीची अर्धी वाटी झाली, अर्ध्या वाटीचे चार चमचे. मला वाटलं चूक वांग्यात आहे. दादरच्या मार्केटमध्ये गेलो, भोईवाड्यात एक भाजीवाली जळगावची हिरवी वांगी ठेवते असं कळलं, तिच्याकडे गेलो. भाजीवाल्यांशी भांडलो. निखारा वाढवला, भाजणं वाढवलं, बोटं पोळली. एक घास तिच्या तोंडात तसाच होता, गिळला जात नव्हता, आणि मी समोर चमचा धरून बसलो होतो. मी म्हटलं, "विजू, गिळ. नळी घालतील."

"म्हायत आसा," ती म्हणाली. "गिळूक जमणा नाय रे."

"एकच. एवढा एकच."

तिने प्रयत्न केला. तो घास बाहेर आला, त्याबरोबर रक्तही आलं. मी वाटी खाली ठेवली.

नळी घातली. नाकातून. माणसाच्या शरीरात एवढी जागा असताना त्यांना तीच जागा सापडावी… तिचं सगळं बंद झालं होतं, फक्त तेवढं एक दार उघडं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, दुसरी नाकपुडी मोकळी राहील ना? ते म्हणाले, हो, एकाच बाजूने घालतो. मी त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो तेव्हा कळलं, आपण आता कशाकशाचे आभार मानायला लागलोय.

आणि म्हणून मी वांगी भाजत राहिलो. खायला नाही, वासाला. घरी होती तोवर भरीत करून वाटी तिच्या मोकळ्या नाकपुडीखाली धरायचो. "येतोय?" विचारलं की ती मान हलवायची. मग तिच्या छातीत इन्फेक्शन झालं आणि हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे निखारा कसा नेणार? प्राचीचा ऑफिसचा डबा घेतला, रबर आणि क्लिपा असलेला, बॅगेत आडवा पडला तरी आमटी सांडत नाही असा. भाजलेलं वांगं गरम गरम त्यात बंद करायचं आणि धावायचं. सिस्टर म्हणाली, पेशंटला बाहेरचं खाणं चालणार नाही. मी म्हटलं, खायला नाही, वास द्यायला. तिने पडदा ओढून घेतला.

ती जायच्या आदल्या दिवसाचं सांगतो. डोळे अर्धे उघडे होते. मी डबा काढला, तिच्या तोंडाजवळ नेला. क्लिप निघेना. मी म्हटलं, "विजू, येतोय धूर?" तिने मान हलवली. हो.

डबा बंद होता.

मी क्लिप काढली, झाकण उघडलं, डबा धरून उभा राहिलो, जणू काही मला दिसलंच नाही. तिने पुन्हा मान हलवली. मग झोपली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तिला धूर कधीपासून कळत नव्हता? नळी घातल्यापासून? की त्याच्याही आधी, मी भोईवाड्यात वांगी शोधत फिरत होतो तेव्हापासून? ती कुणासाठी मान हलवत होती? घरात माणसं येतात, बसतात, सुटली बिचारी म्हणतात. मी हो हो म्हणतो आणि मनात डब्याचं रबर तपासतो.

परवा प्राचीने मला बाथरूममध्ये पकडलं. बादलीत पाणी भरून मी डबा तळाशी दाबून धरला होता. "बाबा, काय करताय?" मी तिला सगळं सांगितलं. आतापर्यंत सांगितलं नव्हतं. तिने डबा पाण्यातून काढला, पुसला, उघडला. आत कोरडा होता. तिने रबरावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "पाणी वेगळं, धूर वेगळा. धूर कुठूनही जातो, बाबा."

मी वांगं घेऊन खाली गेलो. रामसजनने शेगडी सरकवली. वांगं भाजलं, देठाशी दाबून पाहिलं, डब्यात घातलं, क्लिपा लावल्या आणि वर आलो. पलंगावर विजू झोपायची त्या बाजूला आडवा झालो, मानेखाली दोन उशा घेतल्या, हॉस्पिटलात तिला असायच्या तशा. प्राचीने पंखा बंद केला. बंद डबा दोन्ही हातांत धरून ती माझ्या तोंडाजवळ वाकली. मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता.

"येतोय ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली.