हिवरखेडचं मुकं वऱ्हाड

हिवरखेडच्या लोकांचं नाव निघालं की केशरबाई हातातलं काम टाकून हात जोडायची. कोणी हसलं तर खवळायची. "हसता काय बाप्पा? त्याइच्यापायी माह्या मैनेच्या लग्नात तिचा बाप मांडवात बसला!" बाप मांडवात बसला यात काय नवल, असं ज्याला वाटतं त्यानं तिच्या नवऱ्याला, देवमनला, पाहिलेलं नाही.

मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातलं हे घर. देवमनचा बाप गावकीची पडेल ती कामं करता करता वाकला. आपण वाकायचं नाही म्हणून पोरगा पलटणीत भरती झाला आणि थेट ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला. त्याची वाट पाहता पाहता आई सुंदराबाई गेली. लढाई संपली, देवमन धडधाकट परत आला. धडधाकट कसला! थाळी पडली तरी हा जमिनीवर पालथा. आठ-आठ दिवस तोंडातून शब्द नाही. वरून दारू. लोक केशरबाईला म्हणत, सोडून दे, माहेरी जा. ती फाडकन बोले, "तुमच्या घरचा हाय का? माहा हाय. मी पाहून घेईन."

छप्पन साली सगळ्या घरानं नागपुरात दीक्षा घेतली आणि देवमनची दारू सुटली. तेवढ्यासाठीच ती जन्मभर बाबासाहेबांचे उपकार मानत आली. पण भीती काही सुटली नाही. पुतणीच्या लग्नात उखळी बार उडाले, तसा त्यानं लेकीला, मैनेला, ओढत बैलगाडीखाली नेलं आणि तिच्यावर पालथा पडला. पोरीचं मनगट मोडलं. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "तुह्या लग्नात मी राहणार नाई, माय. मी शेतात जाऊन बसीन."

मैनेचं लग्न जमलं हिवरखेडच्या जानरावांच्या उत्तमशी. देवमननं तेच म्हटलं, आणि मैनेनंही बापासारखाच हट्ट धरला. "बाबा नाई तं लगन नाई."

आता करावं काय? केशरबाई एकटी आगगाडीत बसली आणि हिवरखेड गाठलं. मुलीची आई व्याह्याच्या दारात अटी घालायला गेली, ऐकलंय का कुठं? तिनं मात्र घरातलं सगळं उघडं करून सांगितलं. बँड नको, ढोल नको, बार तर नकोच; वऱ्हाडानं मुक्यानं यावं. भाऊबंदांनी नाकं मुरडली. "हे लगन हाय का मयत?" जानराव तंबाखू चोळत होते. ते म्हणाले, "बापाबिगर लगन करत नाई म्हन्ते, अशी सून मले भेटून राहिली. वाजंत्रीचं काय घेऊन बसले?" केशरबाईला तिथंच रडू फुटलं.

माघातली सकाळ. नाल्यावर धुकं दाटलेलं. मैनेच्या शब्दाखातर देवमन थांबला होता. पांढरं धोतर नेसून गल्लीच्या तोंडाशी उभा होता. हिवरखेडकरांनी तर कमालच केली. स्टेशनावरून केलेल्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं काढली, गाड्या नाल्यापलीकडे सोडल्या, लेकरांना दटावलं आणि सगळे पायी निघाले. कोणी खाकरलंसुद्धा नाही.

धुक्यातून एक माणूस दिसला, मग दुसरा, मग रांगच. सगळे मुके. देवमनचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं कुंपणाची काठी उपसली आणि वाट अडवली. "थांबा! कोण हाय?"

बोलायचं नाही असं ठरलेलं, कोण बोलतो! सगळे जागच्या जागी थिजले. त्यानं काठी उगारली. "कोण हाय? बोला!"

मुक्यानं या म्हणून केशरबाईनंच सांगितलं होतं, आणि तेच अंगाशी आलं. ती जिवाच्या आकांतानं व्याह्यांवर ओरडली, "अवो इवाई, बोला ना! नाव सांगा!"

जानराव दोन्ही हात वर करून पुढे आले. "मी जानराव. हिवरखेडचा. तुमचा इवाई."

काठी खाली आली. "या."

मग एकेक जण पुढे येऊन मोठ्यानं नाव सांगू लागला. भगवान, तेल्हाऱ्याचा. इंदू, नवरदेवाची बहीण. म्हातारी गंगूबाई म्हणाली, "मी पोराची आत्या, अन् मले लय भूक लागली!" देवमन हसला. माय वो, किती वर्षांनी हसला!

सगळे आत गेले आणि देवमन तिथंच गल्लीच्या तोंडाशी बसला. चांदूर रेल्वेचा पंजाब, त्याचा पलटणीतला जिवलग, लढाईत मेला एवढंच केशरबाईला माहीत होतं. आज देवमन बोलला.

"पंजाब असाच धुक्यातून येऊन राहिला होता, केशर. मी पहाऱ्यावर होतो. लय आवाज देल्ला. तो बोललाच नाई. मी गोळी झाडली. जवळ जाऊन पाहतो तं पंजाब." त्यानं उजवा हात पुढे केला. "आवाजाचं मी कसंबी सोसलं असतं. हा हात पोरीच्या डोक्यावर कसा ठेवू, सांग?"

केशरबाई भर गल्लीत त्याला धरून रडली. लाज गेली खड्ड्यात. मग डोळे पुसून तिनं तोच हात धरला, त्याला मांडवात नेलं आणि तो हात मैनेच्या डोक्यावर ठेवला. देवमन तो मागे घेऊ लागला, तशी मैना खाली मान घालूनच म्हणाली, "बाबा, राहू द्या. काढू नोका."