शुद्ध वऱ्हाडीचा नमुना

माझ्या गाढवपणाचं काय सांगू तुम्हाला? चहा घ्या आणि ऐका. हसू आलं तर हसा, मला मात्र अजून येत नाही.

मी तेव्हा अकोल्याला शाळामास्तर होतो आणि भाषाशास्त्राचं वेड डोक्यात शिरलेलं. अमरावतीला वऱ्हाडी बोलीवर माझं व्याख्यान ठरलं. अध्यक्ष पुण्याचे प्रोफेसर. त्यांचं पत्र आलं की अस्सल बोलणारा माणूस सभेत हजर हवा. त्याचं नाव, वय, जात, गाव टिपा आणि बोलणं शब्दाला शब्द उतरवून घ्या.

माणूस शोधायचा कुठे? मी बाळापूर गाठलं आणि तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली दौत-टाक घेऊन बसलो. तालुक्यातली सगळी खेडी तिथे येतात ना! पण त्या निंबाखाली दौत घेऊन फक्त अर्ज लिहिणारे बसतात, हे काही माझ्या टाळक्यात आलं नाही.

सोनाजी माळी समोर उकिडवा बसला. साठीचा, वाळलेला माणूस. मी नाव, वय, जात, गाव लिहून घेतलं आणि म्हटलं, "आता मनातलं बोला."

"भावानं विहिरीवरची माही पान्याची पाळी बंद केली, साहेब. वांग्याचा मळा वाळून राहिला. बायको नदीवरून घागरी आनून राहिली, तिची कंबर गेली."

मी खूश होऊन लिहीत होतो. कंबर कोणाची गेली, कशाने गेली, इकडे लक्ष कुणाचं?

"हे आइकनार कोन?" त्यानं विचारलं.

"पुण्याचे मोठे साहेब. शनिवारी अमरावतीला चला माझ्याबरोबर."

"शनवारी मले इथं कचेरीत काम हाये."

"ते राहू द्या हो. हे त्याहून मोठं आहे."

शनिवारी सोनाजी धुतलेलं धोतर नेसून आला. बडनेऱ्याला गाडी बदलताना दोनदा विचारलं, "साहेब आइकतीन ना?" मी म्हटलं, कान देऊन ऐकतील.

आणि ऐकलंही! सोनाजी हात जोडून उभा राहिला, सगळं बोलला, बोलताना रडला. प्रोफेसरांनी एकेक वाक्य तीन-तीनदा म्हणवून घेतलं. सभेत चार वकील होते, तेही माना डोलवत होते. आणि मी काय केलं? रडताना त्याचे स्वर कसे लांबतात, ते छडीने फळ्यावर दाखवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आठवड्याने सोनाजी टोपलीभर वांगी घेऊन माझ्या दारात. मळ्यातली शेवटची. मला वाटलं, व्याख्यान आवडलेलं दिसतं. आम्ही ती मिटक्या मारत खाल्ली.

महिन्याने तो पुन्हा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मास्तर, साहेबाच्या हुकमाचा कागद द्या. भाऊ आइकून नाई राहिला. तहसिलीत गेलो तं म्हनते, शनवारी तुही तारीख होती, तू आलाच नाई. खटला गेला म्हनते."

त्याला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. प्रोफेसर कोण, भाषाशास्त्र म्हणजे काय, मी त्याचं बोलणं कशाला लिहून घेतलं.

"मंग मास्तर," शेवटी त्यानं विचारलं, "त्या टाळ्या कोनासाठी होत्या?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो.