आभार मानणारी बाई

"बाईले आभार द्या. आभाराले पुस्तक वाचाव लागत नाही."

भाऊसाहेब असं बोलले आन सारा हॉल हासला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. समोर बसले होते ते संस्थेच्या अमरावती-अकोल्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक. आन बाई म्हणजे मी. भातकुलीकडच्या शाळेची मुख्याध्यापिका. मी पण हासली. आतून जीव जळून राहिला होता, पण हासावंच लागते.

आमच्या संस्थेची रीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की हरेक मुख्याध्यापकाले एक पुस्तक देतात. शाळा कशी चालवाची, शिक्षकायले कसं सांभाळाचं, असं जाडजूड पुस्तक. एकेकाच्या वाट्याले एकेक प्रकरण. मे महिन्यात अमरावतीले जमाचं, ज्यानं त्यानं आपलं प्रकरण मांडाचं, मंग भाऊसाहेबांचं भाषण, मंग जेवण. मले प्रकरण कधी भेटलंच नाही. बाकीचे सारे मोठ्या वावरवाल्यायच्या घरातले. माहं घर बौद्धपुऱ्यातलं.

एकदा हिंमत करून म्हणलं, "भाऊसाहेब, मले पण एखादं प्रकरण द्या नं."

तर म्हणे, "बाई, तुमी कोट्यातून आल्या, डोक्यातून नाही. जमते तेवढं करा."

अरे, कोटा कायचा! शाळेत साऱ्यात जुनी मी, सेवाज्येष्ठतेनं त्या खुर्चीवर बसली.

मंग बोलली काहून नाही? ऐका. मी प्रभारी आहे. शाळेच्या बोर्डावर माह्या पदाआधी 'प्र.' लिहिलेलं आहे. मले कायम कराचा प्रस्ताव संस्थेनं शिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवाव लागते, आन तो पडून आहे भाऊसाहेबांच्या टेबलावर. सही झाली की 'प्र.' जाते. नाही झाली तर असंच रिटायर व्हा. माह्या मायनं लोकायच्या वावरात निंदण करून मले बी.एड. केलं. ती एकदा शाळेत आली, बोर्डाकडे पाहत म्हणे, "हे काय चिकटलं व इथं?" काय सांगू तिले? म्हणलं, "निघते माय, यंदा निघते." दरसाल तिले हेच सांगून राहिली होती.

आन त्यात हे अकोल्याचे सर. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक, भाऊसाहेबांचे साडू. मे लागला की यांचा फोन ठरलेला. "मॅडम, तुमाले वाचाची आवड आहे. माह्यं प्रकरण तेवढं लिहून द्या नं. भाऊसाहेबांजवळ तुमच्या प्रस्तावाचा शब्द टाकतो."

मी लिहून देल्लं. दरसाल देल्लं. ते वाचत, टाळ्या घेत, मंग मी माईकवर जाऊन म्हणाचं, "सरांनी अतिशय अभ्यासपूर्ण मांडणी केली." थू असल्या जिंदगीवर! घरी येऊन सारा राग भांड्यायवर काढाचा.

गेल्या साली त्यांच्या वाट्याले प्रकरण आलं ते लोकायचं ऐकून कसं घ्याचं त्याचं. मले लय पटलं. मनापासून लिहिलं. माह्या शाळेतलीच गोष्ट टाकली. सातवीतली एक पोरगी रोज दुपारी घरी पळून जाये. सारे मास्तर तिले रागवत. मी तिले जवळ बसवलं, काही न बोलता नुसतं ऐकलं, तवा ती बोलली की संडासाले आतून कडी नाही. मी कडी लावून घेतली आन पोरगी थांबाले लागली. सरांले सांगतलं होतं, आधी वाचून घ्या, तुमच्या शाळेपरमाणं बदलवा.

सर उभे राहिले. कूलर घरघरून राहिला होता. अर्धे मोबाइलवर, अर्ध्यायचं ध्यान जेवणावर. सर धडाधडा वाचत गेले. आन वाचलं, "मी स्वतः बाई असल्यामुळे त्या मुलीनं मला मनातलं सांगितलं."

अकोल्याचे सर! ह्या एवढ्या मिशा!

मले वाटलं, आता हासतील. आता भाऊसाहेब विचारतील. कोणी मान वर केली नाही. ऐकून कसं घ्याचं ते वाचणं चालू होतं आन एक माणूस ऐकत नोता. वाचणाराही नाही. टाळ्या झाल्या. भाऊसाहेब म्हणे, "वा! याले म्हणते अभ्यास. बाई, चला, आभार."

तवा मले कळलं. मी कितीही गोड बोलली तरी या लोकायच्या कानात शिरत नाही. आभार मानून सही येणार असती तर कवाचीच आली असती.

माईकवर गेली. म्हणलं, "मी आज आभार मानणार नाही. आत्ता वाचलं ते मी लिहिलं आहे. त्यातली बाई मी आहे, सर नाहीत. आन ती कडी माह्या शाळेत लागली."

सर हातातले कागद पाहाले लागले, पहिल्यांदाच. भाऊसाहेब हळू आवाजात म्हणे, "बाई, तुमचा प्रस्ताव माह्या टेबलावर आहे. इसरल्या का?"

"नाही इसरली. म्हणूनच तर इतके उन्हाळे आभार मानले."

जेवली नाही. एसटीत बसली आन घरी आली. खोटं काहून बोलू, भेव लागलं होतं. आपल्या हातानं आपलंच वाटोळं केलं, असं रस्ताभर वाटत होतं.

प्रस्ताव अजून तिथंच आहे. 'प्र.' पण आहे. भाऊसाहेबांनी शाळेवर तपासणी लावली, बाकीचे मुख्याध्यापक दिसले की रस्ता बदलवतात. मायले सारं सांगतलं. म्हणे, "मंग आता नाही निघत का ते?"

"नाही निघत बहुतेक."

माय मंग म्हणे, "मी तर साऱ्या मोहल्ल्यात सांगून बसली होती व." ते ऐकून जेवढं लागलं, तेवढं भाऊसाहेबांचं बोलणं कधी लागलं नोतं.

आता परत सुट्ट्या लागून राहिल्या. संस्थेच्या बाबूचा फोन आला, "मॅडम, यंदाचं पुस्तक आलं. आभार तुमच्याकडंच ठेवू का?"

म्हणलं, "भाऊसाहेबांले सांग बापा. प्रकरण देलं तर येईन आन माह्या तोंडानं मांडीन. नाही देलं तरी येईन. पहिल्या रांगेत बसीन आन उभा राहील त्या हरेकाले विचारीन, हे तुमी वाचलं का? आभार मानाले दुसरं कोणी पाहा."