अर्धी दाढी

निपाणीत आमच्या समोर राहणाऱ्या आप्पांच्या उजव्या गालाला वारा लागला तरी शिरेत कळ उठायची. म्हणून न्हावी त्यांची डावी बाजूच करायचा. उजवीकडची दाढी तशीच वाढायची. बोलणंही तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, "व्हय, व्हय" एवढंच. पुढे तेही थांबलं. भिंतीकडे तोंड करून दिवसभर बसत. चावणं जमत नव्हतं, म्हणून मी रोज पातळ आंबील पाठवायची.

शेवटी आप्पांना त्यांच्या भावाने पुण्याला नेलं. तिथे डॉक्टरांनी, मन पार खचलंय म्हणून, डोक्याला विजेचे झटके दिले. महिन्याने आप्पा परतले आणि ओट्यावर न्हाव्यापुढे बसले. न्हाव्याने सवयीने डावी बाजूच केली. आप्पा मधलं बरंच विसरले होते. आरशात बघून म्हणाले, "ही अर्धी दाढी कुणी ठिवली रं? सर्कशीत हाय व्हय मी?"

न्हाव्याने वस्तरा मागे घेतला. "आप्पा, दुखंल."

"काय दुखंल? ओढ की!"

वस्तरा उजव्या गालावरून फिरला. आप्पांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

झटक्यांनी गेलेलं दुखणं पुन्हा येईल का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. मी आत गेले, आंबिलीचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि तवा ठेवला. भाकरी जरा कडकच भाजली.